दोन पुस्तकं, दोन गेम : काय घ्यायचं, काय सोडायचं?



"सर, धंदा सुरू करायचाय, कुठलं पुस्तक वाचू?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. गेल्या दोन महिन्यांत मी दोन पुस्तकं वाचली आणि घरच्यांबरोबर दोन गेम खेळलो. सगळं स्वतःच्या पैशाने, त्यामुळे जे वाटलं तेच सांगतो. माझी कसोटी एकच: यातून सोमवारी दुकानात एक तरी गोष्ट बदलली का?

१. 'द ई-मिथ रिव्हिजिटेड' – मायकल गर्बर (1995)

एक बाई पाय छान बनवते म्हणून पायचं दुकान काढते आणि दिवसरात्र ओव्हनपुढेच अडकते. लेखक सांगतो, मालकात तीन माणसं असतात: कारागीर, मॅनेजर आणि उद्योजक. आपल्यात पहिलाच जास्त बोलतो. हे अगदी पटतं. पण मधली बरीच पानं तेच तेच सांगतात. पहिला भाग नीट वाचा, बाकी चाळा. माझ्यात काय बदललं? रोजची ऑर्डर कशी घ्यायची हे एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. आता मी नसलो तरी मुलगा ऑर्डर घेतो.

२. 'प्रॉफिट फर्स्ट' – माइक मिकॅलोविट्झ

हे मला कितीतरी आधी मिळायला हवं होतं. तेव्हा माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान होतं. खात्यात पैसे दिसले की मी माल भरायचो. एका महिन्यात 20 तारीख आली, जीएसटी भरायचा होता 38,000 आणि खात्यात होते 11,000. गिऱ्हाइकाकडून घेतलेला टॅक्स मी आपलाच समजून खर्च केला होता. शेवटी बायकोची आरडी मोडली. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पुस्तक म्हणतं, पैसे आले की लगेच वाटून ठेवा: नफा, मालकाचा पगार, टॅक्स, खर्च, प्रत्येकाचं खातं वेगळं. पण त्यातले टक्के डोळे झाकून घेऊ नका. माल विकणाऱ्याने आधी मालाची किंमत वजा करायची, मग उरलेल्यावर टक्के. आणि आपल्याकडची उधारी विसरू नका. रेग्युलर स्कीममध्ये पेमेंट आलं नसलं तरी बिलावरचा जीएसटी भरावाच लागतो. उशीर झाला तर वर्षाला 18 टक्के व्याज. म्हणून निदान टॅक्सचं एक वेगळं खातं आजच उघडा. एवढं केलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

३. व्यापार

लहानपणी आपण सगळे खेळलो. हा खेळ ज्या मोनोपॉलीच्या घराण्यातला, तिचं मूळ लिझी मॅगी या बाईंच्या 1904 सालच्या पेटंटमध्ये आहे. जमीनमालकी एकाच्या हातात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे त्यांना दाखवायचं होतं! मजा येते, पण धंदा शिकायला खेळू नका. इथे फासा पडला की भाडं येतं. गिऱ्हाईक नाही, घासाघीस नाही, उधारी नाही.

४. कोडनेम्स

हा मात्र जरूर खेळा. टेबलावर 25 शब्द. कॅप्टन एक शब्द आणि एक आकडा सांगतो, त्यावरून टीमने आपले शब्द ओळखायचे. एक शब्द घातक, त्याला हात लावला की खेळ खलास. आम्ही मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. माझे शब्द होते 'दुकान', 'कुलूप', 'रात्र'. मी ऐटीत म्हणालो, "शटर, तीन!" टीमने दुकान उचललं, कुलूप उचललं आणि तिसरं... 'कॅमेरा'. तोच घातक शब्द. हरलो.

माझ्या डोक्यात शटर म्हणजे दुकानाचंच. मुलीच्या डोक्यात कॅमेऱ्याचं. दुसऱ्या दिवशी मी माझं जुनं रेटकार्ड काढून तिला वाचायला दिलं. 'एमओक्यू 50' म्हणजे काय, तिला कळेना. गिऱ्हाइकालाही कळत नसणार! आता तिथे लिहिलंय, 'कमीत कमी 50 नग घ्यावे लागतील'.

तर मित्रांनो, पुस्तक वाचलं की काम झाल्यासारखं वाटतं, पण काम झालेलं नसतं. या आठवड्यात एकच करा: आपलं रेटकार्ड किंवा पाटी घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही. तो जिथे अडेल, ते वाक्य बदला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!