एंजिन तापतें तेव्हां

कात्रजचा डोंगर मागें टाकून साताऱ्याकडे निघालेली मालमोटार भोर तालुक्यांतील किकवी गांवाजवळ येते, तेव्हां तिची खरी परीक्षा व्हावयाची असते. पुढें नीरा नदी ओलांडली कीं पुणें जिल्हा संपतो, शिरवळ मागें पडतें आणि खंबाटकीचा चढ समोर उभा राहतो. अशा चढावर एखादी गाडी कडेला थांबलेली दिसते. पुढून वाफ निघत असते आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उभा असतो. पाणी ओतून गाडी निघते व थोड्याच अंतरावर पुन्हां तापते. पाणी ओतणें ही ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरील ओली पट्टी होय. रोग शोधावयाचा तर गाडी कोठें तापली, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

डीझेल एंजिनांत जळणाच्या उष्णतेपैकीं सुमारें चाळीस टक्केच कामास येते. उरलेल्या उष्णतेचा एक भाग धुराबरोबर जातो. दुसरा मोठा भाग एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप तें पाणी फिरवितो, रेडिएटरच्या नळ्यांत तें निवतें, पंखा त्या नळ्यांवरून वारा ओढतो. आणि थर्मोस्टॅट नांवाची झडप, पाणी सुमारें ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावांचून त्यास रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं. या चौघांतील चुकार कोण, हें पुष्कळदां रस्ताच सांगतो.

समजा, किकवीजवळ रहदारींत हळूहळू चालतांना कांटा चढतो आणि गाडी वेगानें धांवूं लागली कीं उतरतो. मग दोष बहुधा पंख्याचा असतो. पट्टा सैल झालेला असतो किंवा पंख्याचा क्लच घसरत असतो.

सपाटीवर कांटा स्थिर, पण घाटांत चढतो, असें असेल तर रेडिएटरवर संशय घ्यावा. बाहेरून चिखल, काडीकचरा व किडे अडकून वाऱ्याची वाट बंद होते. ती आंतल्या बाजूनें बाहेर, बेताच्या जोरानें पाणी मारून मोकळी करावी. आंतून विहिरीच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांवर बसतो आणि उष्णता अडवितो. म्हणून शुद्ध पाण्यांत ठराविक प्रमाणांत कूलंट मिसळणें ही चैन नव्हे. सिलिंडरच्या लायनरना बाहेरून पडणारे बारीक खड्डेही तें टाळतें.

पाणी पुरेसें असून कांटा वर गेला, तरी रेडिएटर थंडच राहिला, तर झडप बंद अवस्थेंत अडकली असण्याचा संभव मोठा. कित्येकजण ती काढूनच टाकतात. त्यामुळें एंजिन योग्य उष्णतेस पोंचत नाहीं व त्याची झीज वाढते; कांहीं एंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आंतल्याआंतच फिरतें. झडप बदलणें हाच उपाय.

परंतु गाडी सुरू करतांच पाण्यांत सतत बुडबुडे येऊं लागले, किंवा एंजिनाचें तेल दुधाळ झालें, तर हेडचें गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला चीर गेल्याची शंका घ्यावी. अशी गाडी घाटाकडे नेऊंच नये.

सर्वांत मोठा धोका झांकणाशीं असतो. बंद व्यवस्थेंत दाब वातावरणाच्या दुप्पट झाला, तर पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. तापलेलें झांकण उघडतांच दाब नाहींसा होतो आणि तें पाणी क्षणांत वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर उसळतें. घाई केलेल्या एका मिनिटाची किंमत डोळ्यांनीं मोजावी लागते. पाणी व पट्टा शाबूत असतील तर एंजिन कांहीं मिनिटें रिकामें चालूं द्यावें; पाणी वाहून गेलें असेल तर तत्काळ बंद करावें. झांकण हाताला थंड लागेपर्यंत उघडूं नये. तापलेल्या एंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेड तडकतें, हेंही विसरूं नये.

म्हणून शहाणा ड्रायव्हर पहांटे निघतांना, एंजिन थंड असतांनाच, पाणी, पट्टा व नळ्या पाहून घेतो आणि किकवीच्या सपाटीवर एकदां कांट्याकडे नजर टाकतो. सपाटीवरच तो चढलेला दिसला, तर खंबाटकीचा चढ त्या दिवशीं चढावयाचा नसतो.