सिंधुरक्षकची साक्ष

बुडालेली पाणबुडी वर काढली की काम फत्ते झाले, असे आपण मानतो. वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून येते, मंत्री दोन शब्द बोलतात आणि विषय मिटतो. ६ जून २०१४ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ वर आली तेव्हाही तसेच झाले. तेलंगण राज्य होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पैनगंगेकाठच्या आदिलाबादला या बातमीशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. पण फेब्रुवारी २०१० मध्ये याच पाणबुडीवर आग लागून एक नौसैनिक दगावला तो विशाखापट्टणमला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच राज्याच्या बंदरात. पाणबुड्यांना संदेश धाडणारे नौदलाचे नवे केंद्रही तेलंगणातच, विकाराबादजवळच्या दामगुंडम जंगलात उभे राहत आहे. समुद्र दूर आहे म्हणून पाणबुडीचा प्रश्न परका ठरत नाही. शिवाय तिला वर काढण्याचा खर्च देशाच्या तिजोरीतून होतो, म्हणजे आपल्याही खिशातून.

आधी घटना. २०१० च्या आगीनंतर ही पाणबुडी दुरुस्ती आणि आधुनिकीकरणासाठी रशियात गेली आणि २०१३ मध्ये मुंबईत परतली. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असताना, धक्क्याला लागलेल्या अवस्थेत तिच्या पुढच्या भागात स्फोट झाले. त्या भागात टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रे होती. आतले अठराही जण गेले: तीन अधिकारी, पंधरा नौसैनिक. पाणी इतके उथळ की पाणबुडीचा वरचा भाग बाहेर दिसत राहिला, तरी आत शिरणे महाकठीण. गोताखोरांना तेल आणि गाळाने काळ्या झालेल्या पाण्यात हाताने चाचपडत पुढे सरकावे लागे. उष्णतेने आतले पोलाद वितळून वेडेवाकडे झाले होते. अकरा मृतदेह हाती लागले, त्यांचीही ओळख डीएनए तपासणीवरच ठरवावी लागली.

वर काढण्याचे कंत्राट ‘रिझॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेला मिळाले, सुमारे २४० कोटी रुपयांना. सुमारे ७३ मीटर लांब, पाण्यावर असताना २,३०० टन भरणारे हे धूड. त्यात पाणी भरलेले, पुढचा भाग फुटलेला आणि आत न फुटलेला दारूगोळा असण्याची शक्यता. अशा कामात वजनापेक्षा चिखल जास्त छळतो. तळाचा गाळ सांगाड्याला असा चिकटतो की ती पकड सुटेपर्यंत ताण वाढत राहतो, आणि सुटली की तो ताण एकदम मोकळा होऊन हिसका बसतो.

रशियाच्या ‘कुर्स्क’शी ताडून पाहावे. ऑगस्ट २००० मध्ये ती ११८ जणांसह बॅरेंट्स समुद्रात १०८ मीटर खोल बुडाली. ऑक्टोबर २००१ मध्ये डच कंपन्यांनी तिला उचलले: पुढचा भाग कापून वेगळा केला, कवचाला २६ भोके पाडली आणि भोकागणिक एक जाड केबल अडकवून वरच्या बार्जवरून हायड्रॉलिक यंत्रांनी ओढली. वरची बार्ज लाटांवर हलली तरी केबलला हिसका बसू नये म्हणून नायट्रोजनच्या दाबावर चालणारी योजना केली होती. त्याआधीच, २००० च्या शरद ऋतूत, गोताखोरांनी बारा मृतदेह काढले. त्यांतल्या दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याच्या अंगावर एक चिठ्ठी सापडली, अंधारात लिहिलेली. स्फोटानंतरही तेवीस जण मागच्या कक्षात जिवंत होते, हे जगाला कळले ते त्या चिठ्ठीमुळे. पुढे २००२ मध्ये टॉर्पेडोतील हायड्रोजन पेरॉक्साइडची गळती हे कारण रशियाने जाहीरपणे सांगितले. कुणावर खटला मात्र झाला नाही. तरीही निदान कारण कागदावर आले, आणि ते सगळ्यांना वाचता आले.

माझे म्हणणे एवढेच की पाणबुडी वर काढायची ती पोलादासाठी नव्हे, साक्षीसाठी. सिंधुरक्षक पुन्हा चालणार नव्हतीच. २०१७ मध्ये नौदलाने तिला अरबी समुद्रात सुमारे तीन हजार मीटर खोल पाण्यात सोडून दिले. मग २४० कोटी कशाला, हा पहिला आक्षेप. तो टिकत नाही. गजबजलेल्या नौदल गोदीत स्फोटके पोटात घेऊन पडलेला सांगाडा तसाच ठेवणे शक्यच नव्हते. १९७१ मध्ये विशाखापट्टणमसमोर बुडालेली पाकिस्तानी ‘गाझी’ आजही तळाशी आहे आणि ते ठीकच आहे, कारण ती कुणाच्या वाटेत नाही. इथे प्रश्न वेगळा होता. पण धक्का मोकळा करणे हे या खर्चाचे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे नेमके काय घडले ते सांगणे, आणि ते फारसे झाले नाही.

सिंधुरक्षकच्या चौकशी समितीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आला नाही. जे थोडे कळले ते महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालातून: पाणबुडीच्या मोहिमांचा कार्यक्रम मंजूर करताना कर्मचाऱ्यांचा थकवा नीट जोखला गेला नव्हता आणि पाणबुडीवर मुदत संपत आलेला दारूगोळा होता. इथे दुसरा आक्षेप येतो, गुप्ततेचा. शस्त्रांची रचना, कोणत्या मोहिमेवर कोण, हे झाकून ठेवावेच. पण माणसे थकली होती हे सांगितल्याने शत्रूच्या हाती काय लागते? महालेखापरीक्षकांनी ते छापले, म्हणजे छापता येते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर. वर न काढताही शिकता येते, हे अमेरिकेने दाखवले. ‘थ्रेशर’ १९६३ मध्ये १२९ जणांसह सुमारे २,६०० मीटर खोल गेली, ती कधीच वर आली नाही. तरी त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांच्या सुरक्षेची ‘सबसेफ’ ही काटेकोर योजना सुरू केली. त्यानंतर त्यांची एकच पाणबुडी बुडाली, १९६८ ची ‘स्कॉर्पियन’, आणि तिला सबसेफचे प्रमाणपत्र नव्हते. म्हणजे सांगाडा हाती असणे पुरेसे नाही, आवश्यकही नाही. विचारणारी यंत्रणा मात्र लागते. आपल्याकडे सिंधुरक्षक अजून तळाशीच असताना, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळ ‘सिंधुरत्न’वर आग लागली, दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. एका माणसाने जबाबदारी घेतली हे त्याचे मोठेपण. त्यातून यंत्रणा उभी राहत नाही. नौदलाची स्वतंत्र सुरक्षा संघटना २०१४ मध्ये झाली खरी, पण दोन वर्षांहून अधिक काळ लोटूनही तिला सरकारची मंजुरी मिळालेली नव्हती, अशी नोंद महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या त्याच अहवालात केली.