दारावर पाटी, पण घर काचेचे!

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात खुर्च्या येण्याच्या आधी दारावर पाटी येते. भाड्याच्या दोनच खोल्या का असेनात, पितळी पाटीवर नाव, नावापुढे पदवी आणि जागा उरलीच तर कचेरीतला हुद्दा! पोस्टमनची चुकामूक होऊ नये हे त्याचे एक कारण आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावे हे दुसरे. त्यातले पहिले आपण उघडपणे सांगतो. ही पाटीची हौस आता पैशाच्या एका अगदी नव्या दुनियेत जाऊन पोहोचली आहे. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे. 'क्रिप्टो' हा शब्द पाहून वाचकांनी कृपा करून पान उलटू नये. हे चलन घ्या असे मी कोणालाही सांगणार नाही. पण ज्यांच्या घरातले कोणी ते घेऊन बसले आहे, त्यांनी हे जरूर वाचावे.

आमच्या घरातला तो 'कोणी' म्हणजे माझा पुतण्या. तो टोरांटोला संगणकाच्या नोकरीत आहे आणि आपल्या बचतीतला काही भाग त्याने 'ईथर' नावाच्या चलनात ठेवला आहे. यंदा त्याने फोनवर एक बेत सांगितला. "काका, आपल्या आडनावाचे एक '.ईथ' नाव घेऊन टाकतो. त्याच्याखाली घरातल्या सगळ्यांना एकेक उपनाव देता येते. तुम्हाला, काकूंना, आईबाबांना. मग पैसे पाठवायचे तर नुसते नाव टाकले की झाले!"

दादा खूश झाले. वहिनींच्या पोटात गोळा आला. आणि "तू जरा बघ रे," असे म्हणून दोघांनी ते प्रकरण माझ्याकडे सोपवले. घरात ज्याला सरकारी फॉर्म भरता येतो, त्याच्याकडे त्रिभुवनातली सगळी प्रकरणे येतात! महिनाभर मी वाचले, जाणकारांना विचारले, पुतण्याला रात्री-अपरात्री फोन करून हैराण केले. त्यातून जे हाती लागले ते असे.

बेचाळीस अक्षरांचा पत्ता

ईथर हे ज्या जाळ्यावरचे चलन, त्या जाळ्याचे नाव इथेरियम. ते ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याच्या मुळाशी 'ब्लॉकचेन' असते. शब्द बोजड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. वाण्याची खतावणी डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच की, ही खतावणी एका दुकानात नसून तिच्या नकला जगभर हजारो यंत्रांवर असतात. ती कोणालाही वाचता येते आणि तिच्यात एकदा चढलेली नोंद खोडता येत नाही.

या खतावणीत माणसांची नावे नसतात, पत्ते असतात. आरंभी शून्य, मग 'एक्स' आणि त्यापुढे आकडे व रोमन अक्षरे मिळून चाळीस, असा एकूण बेचाळीस अक्षरांचा हा पत्ता. ज्यांना अथर्वशीर्ष तोंडपाठ आहे त्यांनीसुद्धा हा पाठ करण्याच्या भरीस पडू नये. अर्थात कोणी पाठ करीतही नाही. लोक तो एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवतात आणि पहिली चार व शेवटची चार अक्षरे जुळली की समाधान मानतात.

ठगांना हे पक्के ठाऊक आहे. ते यंत्राकडून असा पत्ता तयार करवून घेतात, की ज्याचे तोंड आणि शेपूट तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखे असावे. मग ते एखादा क्षुल्लक व्यवहार करून तो पत्ता तुमच्या मागील व्यवहारांच्या यादीत घुसवून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून भलताच पत्ता उचलता आणि पैसे ठगाच्या घरी जातात. मे २०२४ मध्ये अशाच एका व्यवहारात सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर किमतीचे चलन गेले. पुढे काही दिवसांनी त्यातली बहुतेक रक्कम परत आली, हे त्या धन्याचे नशीब! बँकेत चूक झाली तर मॅनेजरसमोर जाऊन बसता तरी येते. येथे मॅनेजर नाही आणि त्याची खुर्चीही नाही.

बेचाळीस अक्षरांच्या जागी एखादे सुटसुटीत नाव असावे, ही कल्पना निघाली ती या अडचणीतून.

नावे वाटणारी कचेरी

यंत्रांना आकडे प्रिय आणि माणसांना नावे, हा झगडा तसा जुना आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत जोडलेल्या सगळ्या संगणकांच्या नावांची एकच यादी असे आणि ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी सांभाळीत. नवे नाव हवे असेल तर त्यांच्या कचेरीला कळवायचे. पुढे यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आज आपण वापरतो ती '.कॉम' वगैरे नावांची पद्धत आखली. १९९८ पासून तिची व्यवस्था 'आयकॅन' ही संस्था पाहते. म्हणजे नाव देणारा आणि प्रसंगी काढून घेणारा कोणीतरी मध्ये बसलेला आहेच.

तो मध्यस्थच नको, असे म्हणणाऱ्यांनी २०११ मध्ये 'नेमकॉइन' काढले. नावाची नोंद थेट खतावणीत; कचेरी नाही, कारकून नाही. पण झाले काय? गावाबाहेर रस्ता निघणार अशी कुणकुण लागताच दलाल जसे प्लॉट अडवून बसतात, तशी लोकांनी नावे अडवून ठेवली. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली मोजदाद केली, तेव्हा सुमारे १,२०,००० नावांपैकी खऱ्या अर्थाने वापरात असलेली फक्त २८ निघाली!

निक जॉन्सन यांच्या पुढाकाराने ४ मे २०१७ रोजी सुरू झालेली 'इथेरियम नेम सर्व्हिस', म्हणजेच ईएनएस, यातून शहाणी झाली. येथे नाव विकत मिळत नाही, वार्षिक भाड्याने मिळते. २०१९ साली ठरलेला दर असा: पाच किंवा अधिक अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांना १६० आणि तीन अक्षरांना ६४०. नाव जितके आखूड तितके भाडे चढे. रिकामे नाव अडवून ठेवायचे तर दरवर्षी खिशात हात घालावा लागतो.

अशी नावे विकणारी इतरही दुकाने आहेत आणि काही ठिकाणी एकदाच पैसे भरून नाव कायमचे मिळते. पण येथे सर्वांवर देखरेख करणारा कोणी नाही, हे विसरू नये. 'अनस्टॉपेबल डोमेन्स' या कंपनीला २०२२ मध्ये आपली '.कॉइन' ही नावे बंद करावी लागली, कारण तेच शेपूट दुसऱ्या एका जाळ्यावर आधीपासून चालू होते. ज्यांनी ती नावे घेतली होती त्यांना दुसरी घ्यावी लागली.

नाव घ्यायचे ते कसे

आता कृती. प्रथम हवे ते 'वॉलेट'. याला पाकीट म्हणणे बरोबर नाही. पैसे खतावणीतच असतात, वॉलेट हा नुसता किल्ल्यांचा जुडगा. तो तयार होताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवले जातात. ते २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेले असतात. हे शब्द हीच मूळ किल्ली. ते कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात ठेवावे. त्यांचा फोटो काढू नये, कोणाला पाठवू नये. 'आम्ही मदत कक्षातून बोलतो, शब्द सांगा' म्हणणारा हटकून चोर समजावा.

मग थोडे ईथर लागते. नावाचे भाडे त्यातूनच भरायचे असते आणि खतावणीत नोंद करण्याचे शुल्कही. या शुल्काला 'गॅस' म्हणतात. आपल्या सिलिंडरशी त्याचा काही संबंध नाही, पण भाव मात्र त्याचाही वर-खाली होत असतो. घाई नसेल तर गर्दी ओसरल्यावर नोंद करावी.

त्यानंतर ईएनएसच्या अधिकृत जागी जाऊन नाव मोकळे आहे का ते पाहावे. नकली जागा पुष्कळ आहेत, तेव्हा तिचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. नोंद दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात तुमची मागणी जणू बंद लखोट्यात पडते. निदान एक मिनिट थांबायचे आणि मग लखोटा उघडून नाव पक्के करायचे. ही व्यवस्था मोठी हुशारीची आहे. लखोटा नसता तर रांगेत मागे उभ्या असलेल्याने तुमचे नाव ऐकून पुढे घुसून तेच मागितले असते!

नाव मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. त्या नावासमोर आपला बेचाळीस अक्षरांचा पत्ता लिहावा लागतो. बिटकॉइनसारख्या दुसऱ्या चलनाचा पत्ता त्याच नावाखाली वेगळा लिहिता येतो. शिवाय उलट नोंदही असते: या पत्त्याचे मुख्य नाव अमुक, अशी. ती केली म्हणजे पाहणाऱ्याला पत्त्याच्या जागी नाव दिसते. शेवटी अगदी थोडी रक्कम पाठवून खात्री करून घ्यावी. ती नीट पोहोचली की मगच मोठ्या रकमेचा विचार.

पाटी म्हणजे कुलूप नव्हे

येथपर्यंत मला पुतण्याचा बेत नामी वाटत होता. पुढे मात्र एकेक गोष्ट उलगडू लागली.

पहिली अशी की, नाव कोणाचे हे कोणी तपासत नाही. आपल्याकडे यूपीआयने पैसे देताना बँकेतले नाव पडद्यावर येते. येथे ज्याने आधी मागितले त्याचे नाव! त्यातून आपल्या मराठी नावांचे रोमन लेखन म्हणजे आनंदच. जोशींच्या शेवटी एक 'आय' की दोन 'ई'? देशपांड्यांच्या शेवटी 'वाय' असतो की नसतो? एका अक्षराचा फरक पडला की पैसे भलत्याच जोश्यांना पोचले. देवनागरीतही नाव घेता येते, पण आडनावात वेलांटी पहिली की दुसरी याबद्दल आपल्यात कुठे एकमत आहे? तेव्हा मुखी नाव ऐकून कधी पैसे पाठवू नयेत. ते लेखी मागवावे आणि नावामागून उलगडणारा पत्ता आपल्या माणसाला फोनवर वाचून दाखवावा.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. खतावणी सर्वांना वाचता येते, हे वर सांगितलेच आहे. जोपर्यंत तिच्यात नुसते पत्ते आहेत तोपर्यंत ती वाचून कोणाला फारसे काही कळत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही आपले नाव एखाद्या पत्त्याला लावता, त्या दिवशी त्या पत्त्यावरची शिल्लक, आजवरची आवकजावक, कोणाला कधी किती दिले, हे सगळे तुमच्या नावावर जगजाहीर होते. आपण पगाराचा आकडा सख्ख्या साडूला सांगत नाही आणि पासबुक मात्र चौकात टांगायचे! दारावर पाटी लावली खरी, पण भिंती काचेच्या आहेत हे पाटी करणारा सांगत नाही. त्यातून आडनावाखाली सगळ्यांची उपनावे लावली म्हणजे घरात कोणकोण आहे याची वंशावळही चोराच्या हातात आयती दिली.

तिसरी गोष्ट भाड्याची. मुदत संपल्यावर ९० दिवसांची सवलत असते. त्यानंतर नाव बाजारात येते. २०२२ पासून त्याला आरंभी १० कोटी डॉलरचा जादा आकार लागतो आणि तो उतरत उतरत २१ दिवसांत शून्यावर येतो. मग ते नाव कोणीही घ्यावे. नव्या धन्याने आपला पत्ता लावला की, तुमच्या जुन्या नावावर पाठवलेले पैसे बिनबोभाट त्याच्याकडे जातात. यात एक सोय मात्र चांगली आहे: कोणाच्याही नावाचे भाडे दुसरा कोणीही भरू शकतो. भावाचे भावाने भरावे, मुलाचे बापाने भरावे. मालकी बदलत नाही.

सगळ्यांत नेमका प्रश्न वहिनींनी विचारला. "त्याचं काही बरंवाईट झालं तर? वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय?" कोणाचेच नाही. येथे वारसाचा रकानाच नसतो. बारा शब्दांचा कागद ज्याच्या हाती, मालकी त्याच्या हाती. कागद गेला तर नाव गेले, पैसेही गेले. मृत्यूचा दाखला घेऊन जायला कचेरीच नाही.

हे सारे मी पुतण्यापुढे मांडले. मुलगा समंजस. त्याने आडनावाचा नाद सोडला आणि एका फुलाचे साधे नाव दहा वर्षांच्या भाड्याने घेतले. त्या नावाच्या पत्त्यावर तो हातखर्चापुरतीच रक्कम ठेवतो. बचत दुसऱ्या, बिननावाच्या पत्त्यावर आहे. या पत्त्यावरून त्या पत्त्यावर तो थेट पैसे हलवीत नाही, कारण तसे केले की दोहोंचे नाते खतावणीत उमटते. शब्दांचा कागद कोठे ठेवला आहे, ते त्याने आपल्या बायकोला दाखवून ठेवले आहे.

आम्हा इकडच्यांना उपनावे नकोत, हेही ठरले. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या वेळीच १ टक्का कापून घेण्याचा नियम आला. या वयात दादांनी त्या हिशेबाच्या वह्या कशाला मांडाव्यात? वहिनींना पैसे पूर्वीप्रमाणे बँकेतूनच येतात.

परवा वहिनींनी फोनवर मुलाला एवढेच विचारले, "कोणत्या फुलाचं नाव घेतलंस रे?" तो हसला. म्हणाला, "आई, तेवढं मात्र फोनवर सांगणार नाही!" वहिनींना राग आला नाही. उलट, पोराला अक्कल आली, असे त्या मला दोनदा म्हणाल्या.