मंदावलेल्या नाडीचं वर्ष

गेल्या वर्षी होळी झाली आणि पुण्यात माझ्या हृदयाची मायट्रल झडप बदलली. शाळकरी वयात घसा सुजून ताप यायचा, गुडघे-घोटे सुजायचे. त्या संधिवाताच्या तापानं ही झडप वर्षानुवर्षं आक्रसत गेली होती. आपल्याकडे मध्यम वयात हे ऑपरेशन करून घेणाऱ्या कितीतरी बायकांच्या दुखण्याचं मूळ असंच परकरातल्या वयात सापडतं.

ऑपरेशनआधी मला भरपूर माहिती मिळाली. छातीचं हाड तारेनं कसं बांधतात, ते सांधायला सहा ते आठ आठवडे का लागतात, रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर का घ्यावी लागते, शांत खोलीत नव्या झडपेची टिकटिक का ऐकू येते, हे सगळं समजावून सांगितलं गेलं. मात्र घरी येताना प्रिस्क्रिप्शनवर आणखी एक गोळी होती, मेटोप्रोलॉल. ती बीटा ब्लॉकर वर्गातली. तिच्याबद्दल 'नाडी ताब्यात ठेवायला' एवढेच तीन शब्द कानावर आले. पुढच्या वर्षभरातले माझे निम्मे प्रश्न या गोळीपाशी येऊन थांबले. आज सगळं जागच्या जागी आल्यावर त्या वर्षाचा हा मागोवा घेते आहे. नुकतंच ऑपरेशन होऊन घरी आलेल्या कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

गोळी कशासाठी?

आयसीयूतून वॉर्डात आणलं त्या रात्री छातीत अचानक फडफड सुरू झाली. नाडी भरभर चालली होती आणि तिला ताल म्हणून राहिला नव्हता. ईसीजी काढल्यावर कळलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर साधारण तिघांपैकी एकाला हे होतं, झडपेच्या ऑपरेशनात प्रमाण त्याहून जास्त, आणि बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आक्रसलेल्या मायट्रल झडपेमुळे माझा डावा वरचा कप्पा आधीच ताणलेला होता. त्यात ऑपरेशनची सूज आणि शरीरात उसळलेलं अ‍ॅड्रिनॅलिन. मेटोप्रोलॉल देतात ते याच अ‍ॅड्रिनॅलिनला आवर घालायला.

या गोळीचा इतिहास मी नंतर वाचला, तेव्हा तिच्यावरचा मनातला राग बराच निवळला. अ‍ॅड्रिनॅलिनचा संदेश स्वीकारणारी ग्राहीकेंद्रं अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारची असावीत, हे अमेरिकेतल्या रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं. त्या विचाराचं औषध केलं ते स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी. आजारी हृदयाला जास्त ऑक्सिजन कसा पुरवता येईल, याचा शोध तेव्हा अनेक जण घेत होते. ब्लॅक यांनी प्रश्नच उलटा केला: हृदयाची ऑक्सिजनची गरजच कमी करता आली तर? त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मेटोप्रोलॉल हे त्याच घराण्यातलं पुढच्या पिढीचं औषध. ते मुख्यतः हृदयावरच्या बीटा ग्राहींवर काम करतं, पण हातापायांच्या रक्तवाहिन्या, फुप्फुसं, मेंदू यांना अगदी वगळत नाही. वर्षभर मला जे सोसावं लागलं ते सगळं या एका वाक्यात आलं.

उन्हाळा: थकवा आणि भोवळ

वाईला घरी आले तेव्हा उन्हं चढलेली होती. दिवसभर अंगात त्राण नसे. आंघोळ करून केस पुसले की पुन्हा पडावंसं वाटे. वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. माझी नणंद नर्स म्हणून निवृत्त झाली आहे, ती महिनाभर येऊन राहिली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहिनी, झोपेतून थेट उभ्या राहू नका. आधी काठावर बसा, पाय खाली सोडा, घोट्यातून हलवा, मग उठा." आणि एक वही हातात दिली. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब, नाडी, वजन, आणि दिवसात त्रास कधी झाला, गोळ्या घेतल्यापासून किती वेळानं, हे सगळं त्यात लिहायचं. नाडी तिनं मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवली. ताल अनियमित असेल तेव्हा पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा फसवतो.

वर्षभरात सगळ्यात मोलाची ठरली ती ही वही. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी तीच आधी चाळली. माझी भोवळ रोज नाश्त्यानंतर तास-दोन तासांनी येत होती, आणि मेटोप्रोलॉल, लघवी जास्त होण्याची गोळी, रक्तदाबाची गोळी अशा तिन्ही मी सकाळी एकदमच घेत होते. प्रिस्क्रिप्शनवर तसंच लिहिलेलं होतं. पायांवरची सूज उतरली होती, वजन स्थिर होतं. त्यांनी लघवीच्या गोळीची मात्रा निम्मी केली, रक्तदाबाची गोळी रात्रीवर नेली, मेटोप्रोलॉल पोटभर खाल्ल्यावर घ्यायला सांगितलं. आठवड्याभरात अंधारी येणं जवळजवळ थांबलं.

थकवा मात्र हटला नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, सगळा दोष एकट्या गोळीला देऊ नका. बाकीचेही तपासू." रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या घरात. ऑपरेशनात गेलेलं रक्त अजून भरून निघालं नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसरं कारण निघालं अ‍ॅमिओडारोन. ताल सुधारावा म्हणून हे औषध काही आठवड्यांसाठी दिलं होतं. तेही नाडी मंदावतं, शिवाय यकृतात मेटोप्रोलॉलचा निचरा धीमा करतं, म्हणजे आहे त्याच मात्रेचा परिणाम वाढतो. नाडी पन्नासच्या आसपास घुटमळत होती ती या जोडगोळीमुळे. ताल टिकून राहिल्यावर अ‍ॅमिओडारोन बंद झालं. ते शरीरात आठवडेच्या आठवडे मुरून राहतं, त्यामुळे फरकही सावकाश पडला. याच काळात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा हिशेबही बदलतो, म्हणून आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे याची, तपासणी नेहमीपेक्षा लवकर-लवकर करावी लागली.

पावसाळा: स्वप्नं

आषाढात झोप बिघडली. स्वप्नं आधीही पडायची, पण ही वेगळीच होती. रंग, आवाज, वास सगळं इतकं लख्ख की जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे समजायला वेळ लागे. एका रात्री कृष्णेचं पाणी ढोल्या गणपतीच्या देवळात शिरताना दिसलं आणि मी ओरडत उठले. ह्यांनी दिवा लावला, पाणी दिलं, आणि छातीवर उशी धरून बसवलं. छातीचं हाड सांधलं होतं, तरी दचकून उठताना अजून कळ येई.

मेटोप्रोलॉल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे ते मेंदूपर्यंत पोचतं. काही जणांना त्यामुळे अशी स्वप्नं पडतात. सोबत मनही उदास असायचं. ही गोळी माणसाला नैराश्यात ढकलते असा समज फार जुना आहे, आणि मलाही तशी भीती वाटत होती. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अडीचशेहून जास्त चाचण्यांतल्या पन्नास हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली. त्यात बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये नैराश्य जास्त आढळलं नाही, झोपेच्या आणि विचित्र स्वप्नांच्या तक्रारी मात्र खऱ्या निघाल्या. मोठ्या ऑपरेशननंतर मन खचणं हे वेगळं दुखणं असतं, त्याला वेगळी मदत लागते. ती मी घेतली, समुपदेशकाकडे गेले. स्वप्नांसाठी डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलऐवजी बिसोप्रोलॉल दिलं. ते याच वर्गातलं, पण चरबीत कमी विरघळणारं. बदलताना त्यांनी एकच बजावलं, मध्ये एकही खाडा नको. गणपती येईपर्यंत मी सलग झोपू लागले होते.

चालण्याचं गणित

श्रावणापासून हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गाला जाऊ लागले. तिथे पहिला धडा मिळाला तो नाडीच्या आकड्याचा. २२० मधून वय वजा करून व्यायामातली नाडी काढायचं सूत्र घराघरांत पोचलंय. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला ते लागू पडत नाही. कितीही चाललं तरी नाडी त्या आकड्यापर्यंत चढत नाही, आणि माणूस ती चढवायच्या नादात दमछाक करून घेतो. आम्हाला शिकवलं ते साधं होतं: चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. सुरुवातीची आणि शेवटची पाच-सात मिनिटं सावकाश चालायचं, कारण हे औषध घेणाऱ्याचं हृदय एकदम वेग पकडत नाही आणि एकदम थांबलं की भोवळ येऊ शकते. घाटावरच्या पायऱ्या मी अशाच चढायला शिकले. दिवाळीच्या सुमारास त्या न थांबता चढले तेव्हा नाडी नव्वदही नव्हती, आणि तरी धाप लागली नव्हती.

वर्गातल्या इतरांकडूनही खूप कळलं. एक गृहस्थ मधुमेही होते. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, या खुणांवर ते विसंबून असत. ही गोळी त्या खुणा दडवते. घाम मात्र सुटतो, तेवढ्यावर लक्ष ठेवून साखर वरचेवर तपासावी लागते. एका बाईंना दमा होता. त्यांच्या डॉक्टरांनी फार विचार करून, अगदी कमी मात्रेपासून सुरुवात केली होती. पुरुषमंडळी एका त्रासाबद्दल बोलतच नसत. संबंधातल्या अडचणीचा विषय निघाला तो वर्ग घेणाऱ्या बाईंनी मोकळेपणानं काढला म्हणून.

थंडी

वाईची थंडी मला नवी नाही, पण यंदा बोटं पांढरी पडायची. भाकरी करायला बसले तेव्हा नीट लक्षात आलं. पीठ मळायला पाणी उकळतं घेतलं होतं, तरी बोटांच्या टोकांना त्याचा चटका उशिरा जाणवला. परातीत पीठ फिरत होतं, भाकरी गोल येत होती, पण बोटांची टोकं माझी नसल्यासारखी. धोका इथेच असतो, भाजलं तरी कळत नाही. तेव्हापासून पाण्याचा अंदाज कोपरानं घेते, सकाळी हातमोजे-पायमोजे घालते, आणि कपडे धुवायला कोमट पाणी वापरते. वजन दोन किलो वाढलं होतं, तेही थोडंफार या गोळीमुळे होतं असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी चालणं वाढवलं. आहारातला मेथी-पालक मात्र बंद केला नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर पालेभाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खायची असते, टाळायची नसते.

माघात चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून हृदयाचा ताल नोंदवणारं यंत्र, लावला. ताल पूर्ण वेळ सरळ होता. डॉक्टरांनी बिसोप्रोलॉलची मात्रा कमी करायचं ठरवलं, तीही टप्प्याटप्प्यानं, काही आठवडे घेऊन. ग्राहीकेंद्रं फार काळ अडवून धरली की शरीर त्यांची संख्या वाढवतं. अशा वेळी गोळी एकदम सुटली तर अ‍ॅड्रिनॅलिनचा सगळा जोर एकाच वेळी हृदयावर येतो. नाडी उसळते, रक्तदाब चढतो, छातीत दुखू शकतं. म्हणून कितीही कंटाळा आला तरी ही गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. प्रवासात चार दिवसांची जास्तीची पाकिटं जवळ ठेवायची.

आता एक मागणं

हॉस्पिटलनं माझं ऑपरेशन उत्तम केलं. माझी तक्रार आहे ती घरी पाठवतानाच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. फाइल इंग्रजीत होती, गोळ्यांच्या वेळा तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितल्या, आणि मेटोप्रोलॉलमुळे काय होऊ शकतं हे कुणीच सांगितलं नाही. हे इतर ठिकाणीही घडतं, हे व्यायामवर्गात कळलं.

दुष्परिणाम सांगितले की ते होऊ लागतात, असा युक्तिवाद डॉक्टरमंडळी करतात, आणि तो निराधार नाही. इटलीतल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ पुरुषांना अटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर दिलं होतं. ज्यांना औषधाचं नावही माहीत नव्हतं त्यांच्यात लैंगिक अडचण सांगणारे ३ टक्के होते. फक्त नाव माहीत होतं त्यांच्यात जवळपास १६ टक्के, आणि दुष्परिणामही सांगितला होता त्यांच्यात ३१ टक्के. मन शरीरावर एवढी सत्ता गाजवतं. तरी मला वाटतं, यावर उपाय गप्प बसणं हा नव्हे. मला नुसती दुष्परिणामांची यादी मिळाली असती तर मीही घाबरले असते. पण भोवळ आली तर गोळ्यांच्या वेळा बदलता येतात, स्वप्नं पडली तर त्याच वर्गातली दुसरी गोळी आहे, थकव्यामागे हिमोग्लोबिनही असू शकतं, आणि नाडी पन्नासच्या खाली गेली, शुद्ध हरपली किंवा धाप वाढली तर त्याच दिवशी फोन करायचा, असं त्रासाच्या सोबत त्याची वाटही सांगितली असती, तर मी तीन महिने निवांत घालवले असते.

तेव्हा घरी पाठवताना प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठीत छापलेलं एक पान द्या. त्यावर गोळीचं काम, संभाव्य त्रास, प्रत्येक त्रासावरचा पुढचा मार्ग, फोन नंबर आणि 'स्वतःहून बंद करू नका' एवढं असावं. सोबत एक कोरी वही द्या आणि पहिल्या तपासणीला ती उघडून वाचा. आमच्या हृदयावर एवढं नाजूक काम करणाऱ्यांना हे अवघड नाही.