माशाला ताप येतो का?

अंग मोडून आलं की आई आधी कपाळाला हात लावते, मग थर्मामीटर काढते. ९८.४ आला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस, की गुपचूप शाळेत जायचं! बाहेर थंडी असो की ऊन, आपलं अंग त्याच्याच आसपास राहतं.

आता भोरजवळच्या भाटघर धरणातल्या रोहू माशाला थर्मामीटर लावला तर? पाणी २५ अंश असेल तर मासाही २५. थंडीत पाणी २१ वर उतरलं की मासाही २१!

असं का? पोहताना माशाच्या स्नायूंत उष्णता तयार होतेच. पण प्राणवायू घ्यायला रक्ताला कल्ल्यांत जावं लागतं. तिथे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा. प्राणवायू आत येतो, आणि त्याच वाटेनं सगळी ऊब पाण्यात निघून जाते. समुद्रातल्या ट्यूनासारखे थोडेच मासे ती राखू शकतात.

मग आजारी माशानं करायचं काय? जवळपास कोमट पाणी असेल तर तो तिकडे पोहत जातो. म्हणजे ताप आणायलाही याला जागा बदलावी लागते!

काश्मीर-हिमाचलात पाळतात तो ट्राउट १२ अंशांच्या पाण्यात १२ अंशांचा, आणि मजेत असतो. त्याला पानशेत धरणात सोडलं, तर उन्हाळ्यात पाण्याबरोबर त्याचं अंगही तापेल. तापलेल्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका गरम पाण्यात तो कमी विरघळतो. १० अंशांना लीटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. बिचारा गुदमरेलच. रोहू, कटला, मृगळ यांना मात्र आपलं कोमट पाणी मानवतं.

पण त्यांची पिल्लंही नाजूकच. धरणा-तळ्यांत सोडायची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि प्राणवायू भरून आणतात. वाटेत पिशवीतलं पाणी तापतं. ती तशीच धाडकन गार पाण्यात ओतली, तर पाहता पाहता पिल्लांचं अंग चार-पाच अंशांनी उतरतं. त्या धक्क्यानं कित्येक मरतात. म्हणून जाणती माणसं बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतात. मग तोंड सोडून बाहेरचं पाणी हळूहळू आत घेतात, आणि पिल्लं आपणहून बाहेर पडतात.

दुकानातून गोल्डफिश आणलात तर तुम्हीही हेच करा. तेवढा वेळ धाकट्या भावाला मात्र कुणीतरी धरून ठेवा!