कुत्र्याची छत्री, मांजरीचा टोप

मृगाच्या सरी कोसळून चार दिवस झाले की उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यावर, वारुळाच्या कडेला एका रात्रीत छत्र्या उगवतात. आपण त्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो. सीमा ओलांडून गुजरातेत गेलं की तीच वस्तू ‘बिलाडीनो टोप’, म्हणजे मांजरीचा टोप होते. छत्री कुत्र्याची, टोप मांजरीचा! माणसाच्या ती कामाची नाही, हे दोन्ही भाषांनी आधीच ठरवून टाकलेलं. त्यातली एखादी खाण्याजोगी निघाली, तरच तिला ‘अळंबी’ असं वेगळं नाव मिळतं.

मी मराठीची प्राध्यापिका. बुरशीच्या शास्त्राशी माझा संबंध आला तो या नावांमुळे, आणि वडोदऱ्याच्या माझ्या भाचीमुळे. माझ्या मावसभावाची ही मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या पावसाळ्यात कारेलीबागेत मावशीकडे गेले होते, तेव्हा सोसायटीच्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उगवलं होतं. शेजारच्या बाई टोपली घेऊनच आल्या. “उकळताना चांदीचा चमचा घालायचा, काळा पडला नाही तर खुशाल खायचं,” असं त्यांचं शास्त्र. मावशीचा कल चुना टाकून सगळं साफ करण्याकडे. भाची मात्र म्हणाली, “आत्या, या दोघींना उद्या सकाळपर्यंत थांबव.”

तिने एका छत्रीचा दांडा कापला आणि टोपी पालथी, म्हणजे खालच्या पापुद्र्यांची बाजू कागदावर येईल अशी ठेवली. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा. वर वाडगं झाकलं. सकाळी वाडगं उचललं तेव्हा पांढऱ्या कागदावर पापुद्र्यांची हुबेहूब नक्षी उमटली होती, मळकट हिरव्या रंगाची. ती नक्षी म्हणजे बीजाणूंची भुकटी. हिरवे बीजाणू फार थोड्या छत्र्यांना असतात. हिरवळीवर उगवणारी, हिरव्या बीजाणूंची ही मोठी पांढरी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मोलिब्डायटीस. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ती आढळते आणि खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणसाला आडवं करते. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरे असतात, म्हणूनच ती फसवते. शेजारच्या बाईंनी टोपली मुकाट्याने परत नेली.

चमच्याचा भरवसा नको

चांदीच्या चमच्याला, लसणीला किंवा किड्याने कुरतडलेल्या टोपीला विष कळत नाही. अमानिटा कुळातल्या काही छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. त्यांचा त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास किंवा अधिकही लागतात. मग थोडं बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत बरेचसे चहामळ्यांतले कष्टकरी होते. छत्र्या ओळखणं हा काही हौशी लोकांचा रिकामा उद्योग नव्हे, हे यावरून ध्यानात यावं.

दुर्मीळ कशाला म्हणायचं?

भाचीला मी विचारलं, “एवढी साधी, जगभर उगवणारी छत्री, तिची नोंद कशाला?” ती म्हणाली, “साधं काय काय उगवतं ते लिहिलेलंच नसेल, तर दुर्मीळ कशाला म्हणायचं?” मला हे पटलं. लंडनमधल्या क्यू उद्यानाच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात बुरशीच्या सुमारे पंचवीस लाख जाती असाव्यात. आजवर नाव मिळालं आहे सुमारे दीड लाखांना. म्हणजे दहांतल्या नऊ अजून निनावी!

नवी जात सापडली असं म्हणायचं तर वाट लांबची आहे. छत्री जिथे उगवली तिथेच वरून, खालून आणि बाजूने फोटो काढायचे. बुंधा न तोडता सुरीने मातीसकट उचलायची, कारण अमानिटाची ओळख पटवणारी पिशवी बुंध्यापाशीच असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती सडते, म्हणून कागदात गुंडाळायची. झाड कोणतं, माती कशी, वास कसा, तारीख कोणती, हे सगळं लिहायचं. मंद उबेत सुकवून नमुना संग्रहालयात द्यायचा. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजतात. डीएनएचा एक ठरावीक तुकडा जुळवून पाहण्याची पद्धत २०१२ पासून प्रमाण मानली गेली. आणि २०१३ पासून आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांकाशिवाय बुरशीचं नवं नाव ग्राह्य धरलं जात नाही.

वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचा नमुनासंग्रह आहे. जगातल्या अशा संग्रहांच्या यादीत त्याचं सांकेतिक नाव ‘बारो’. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीचा आजरेकर संग्रह आहे आणि जिवंत बुरशी जतन करणारं राष्ट्रीय केंद्रही तिथेच आहे.

१९३१ ची दोन पुस्तकं

बटलर आणि बिस्बी यांचं भारतातल्या बुरशींची यादी देणारं पुस्तक १९३१ साली निघालं. त्याच वर्षी बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतला राज्यकारभाराचा कोश छापला. कचेरीतल्या प्रत्येक शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे पर्याय त्यात आहेत. एका पुस्तकात बुरशींची शास्त्रीय नावं, दुसऱ्यात कारभाराचे शब्द. आपल्या बायाबापड्यांनी छत्र्यांना दिलेली नावं मात्र तोंडोतोंडीच राहिली.

ही नावं साधी नाहीत. वारुळावरची अळंबी प्रत्यक्षात वाळवी आत मशागत करून वाढवते. या छत्र्यांचा वेगळा गट, टर्मिटोमायसीस, रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली मांडला. गोव्यातली माणसं मात्र तिला आधीपासूनच ‘रोण अळमी’ म्हणत आली. रोण म्हणजे वारूळ. नावातच पत्ता सांगितला आहे!

आपल्या सातपुड्यातही अशी जाणती माणसं आहेत. कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर, कोणती छत्री उगवते आणि कोणतीला हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांची मुलं सुरत-वडोदऱ्याला कामाला जातात. वारूळ शेतासाठी फोडलं जातं, जुनं झाड रस्त्यासाठी पडतं. छत्री जाते आणि तिला ओळखणारी नजरही जाते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना या पावसाळ्यात मी एक काम दिलं आहे. घरातल्या, पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचं आणि वहीत चार रकाने भरायचे : नाव काय, कुठे उगवते, कधी उगवते, कोणी सांगितलं. शेजारी फोटो चिकटवायचा. शास्त्रीय नावाचा रकाना तूर्त कोरा ठेवायचा. तो भरायला वनस्पतिशास्त्राची मंडळी आहेत. वाचकांनीही अशी वही घालायला हरकत नाही. मात्र ही नोंद ओळखीसाठी आहे, वहीच्या भरवशावर कुणी भाजी करू नये.