भयातील आनंद

माळव्यातील जत्रा असो की कोकणातील, आकाशपाळण्यापाशी क्षणभर उभे राहून पाहावे. वर गेलेला पाळणा खाली येऊ लागला की बसलेल्यांच्या तोंडून किंकाळी निघते. आणि खाली उतरताच तीच मंडळी पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहतात! मनुष्य भयापासून दूर पळतो असे आपण म्हणतो; मग येथे तो पैसे मोजून भय का विकत घेतो?

विद्यार्थिमित्रहो, ही हौस जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत रशियात लाकडी उतारांवर बर्फ गोठवून त्यावरून घसरण्याचा खेळ लोकप्रिय होता. पुढे फ्रान्समध्ये घसरगाड्यांना चाके लागली. १८८४ साली अमेरिकेतील कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन यांनी रुळांवरून घसरणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी अवघा दहा किलोमीटरच्या आसपास होता. त्याच वंशातील आजच्या वाहनाला रोलर कोस्टर म्हणतात. आपल्याकडे १९८९ साली मुंबईजवळ गोराई येथे ‘एस्सेलवर्ल्ड’ आणि २०१३ साली खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ ही उद्याने सुरू झाली, आणि या गाड्या मराठी मुलांच्याही परिचयाच्या झाल्या.

या गाडीचे नवल असे, की वाटेत तिला ओढणारे इंजिन बहुधा नसतेच. एक साखळी तिला प्रथम उंच शिखरावर नेऊन सोडते. पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. उंचीत साठलेली शक्ती उतारावर वेगाचे रूप घेते आणि पुढच्या चढावर पुन्हा उंचीत परतते. घर्षणामुळे थोडी शक्ती वाटेत खर्ची पडते. म्हणून पुढील शिखर पहिल्याहून ठेंगणे ठेवावे लागते. ‘इमॅजिका’तील ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच आहे. गणित करून पाहा : ४० मीटर खाली येणाऱ्या वस्तूस सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग मिळतो.

उतारावर पोटात गोळा का उठतो? आसन जेव्हा आपल्या शरीराइतक्याच त्वरेने खाली जाते, तेव्हा ते आपल्याला खालून आधार देईनासे होते, आणि तो आधार म्हणजेच आपल्याला जाणवणारे वजन! ते हरपताच पोटातील इंद्रिये अधांतरी झाल्यासारखी वाटतात आणि मन म्हणते, ‘पडलो!’

पण निसर्गनियमाशी अर्धवट ओळख धोक्याची ठरते. १८९५ साली कोनी आयलंडलाच पूर्ण वर्तुळाकार वेढा घेणारी गाडी निघाली. अशा वर्तुळात शिखर जेमतेम पार करण्याइतका वेग ठेवला, तरी तळाशी शरीर सहापट जड भासते. प्रवाशांच्या माना दुखावू लागल्या, आणि ती गाडी फार काळ टिकली नाही. १९७६ साली जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांच्या आराखड्याने वर्तुळाऐवजी अश्रुबिंदूसारखा वेढा आला : तळाशी वळण विशाल, शिखरावर आखूड. तळाचा भार त्यामुळे सुसह्य झाला.

चढावर जी ‘खट्-खट्’ ऐकू येते, ती साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीची असते. १९१९ साली जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या अंगालाही चाके बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उडू शकत नाही. मेलबर्नच्या लूना पार्कमधील १९१२ सालच्या लाकडी गाडीवर तर ब्रेक सांभाळणारा माणूस स्वतः उभा राहून प्रवास करतो.

जेथे ही दक्षता ढळते, तेथे खोटे भय खरे होते. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील ‘ड्रीमवर्ल्ड’ उद्यानात पाण्यावरील तराफ्यांच्या खेळात एक पंप बंद पडला, पाणी उतरले, एक तराफा अडकला आणि मागून दुसरा त्यावर आदळला. चार माणसे प्राणास मुकली. पाणी उतरताच यंत्र आपोआप थांबवील अशी साधी योजनाही तेथे नव्हती, असे चौकशीत आढळले. तो खेळ चढ-उतारांचा नव्हता; सौम्य मानला जाणारा होता.

आपल्या जत्रेतील पाळणा तर आज या गावी उभा राहतो, आठ दिवसांनी दुसऱ्या. प्रत्येक वेळी त्याचा एकेक बोल्ट नव्याने आवळावा लागतो. तेव्हा बसण्यापूर्वी आडवी दांडी नीट लागली आहे ना, हे स्वतः पाहा. चालकाने ‘थांबा’ म्हटले तर रागावू नका. आणि दांडी सैल असेल तर निःसंकोच खाली उतरा. त्यात भित्रेपणा नाही. आपण मनमोकळेपणी किंचाळतो, कारण कोणीतरी पहाटे उठून रूळ तपासलेले असतात. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी यंत्रचालक. इतरांना असे निर्धास्त किंचाळता यावे, ही जबाबदारी तेव्हा तुमच्या हाती असेल.